टाकीत रॉकेल कुणी ओतलं?

बॉबलिंगेन,
११ जानेवारी २०२६

श्यामकांत भावजी,

तुम्ही कसे आहात हे विचारायला हे पत्र नाही. शैलाचा गुडघा कसा आहे ते मात्र कळवा. तुम्ही नको, तिलाच लिहू द्या.

तुमचा नंबर मी मागच्या वर्षी बंद केला, तो बंदच राहील. माझी लेक कौमुदी या पानांचे फोटो काढून शैलाच्या मोबाइलवर पाठवते आहे. तुम्हीही उत्तर कागदावर, शाईने, वाचता येईल अशा अक्षरात लिहा आणि तसंच पाठवा. फोनवर आपण दोघंही ओरडतो, आणि नंतर कोण काय बोललं ते आपापल्या सोयीने आठवतो. विमा कंपनीच्या मोटार क्लेम विभागात उभा जन्म गेल्यावर माझा तोंडी बोलण्यावर विश्वास उरलेला नाही. तुमच्या तोंडावर तर पहिल्यापासूनच नव्हता.

तुमच्या मुलाला कंपनीने घरी बसवलं आहे. वेदांतने तुम्हाला हे सांगितलेलं नसणार, कारण तो आम्हालाही सांगत नव्हता. गुरुवारी बॅग घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, थोडे दिवस तळघरातल्या खोलीत राहू का?" चेहरा असा की कौमुदीने काही न विचारता आधी वरणभात वाढला.

झालं ते असं. मंगळवारी सकाळी, ६ तारखेला, तो इथून दक्षिणेला श्वेबिश आल्बच्या पठारावर होता. रात्री तिथेच एका पार्किंगमध्ये गाडी लावून केबिनमध्ये झोपला होता. माल होता भिंतीच्या रंगाचे डबे. सकाळी उणे एकोणीस. गाडी सुरू होईना. हा सेल, म्हणजे स्टार्टर, मारत बसला, बॅटऱ्या बसल्या, शेवटी कंपनीने गाडी ओढून नेली. रंग गोठून फुकट गेला आणि इंजिनाचा डिझेल पंप मेला. मालक म्हणतो, ड्रायव्हरने टाकीत रॉकेल ओतलं, म्हणून पंप गेला.

तो सहा महिन्यांच्या प्रोबेत्साइटमध्ये आहे, उमेदवारीत. काढायचं म्हटलं तर मालक कारण न देताही काढू शकतो, त्याचं मला एवढं वाटत नाही. पण या माणसाने कागदावर लिहिलं की ड्रायव्हरने जाणूनबुजून गाडी खराब केली, तर या भागातली दुसरी कुठलीही कंपनी वेदांतला ट्रकच्या पायरीवर पाय ठेवू देणार नाही. नोकरी नाही तर व्हिसा नाही. दीड वर्ष जर्मन शिकून, इथली लायसन्सची परीक्षा दोनदा देऊन मिळवलेलं सगळं एका ओळीत जाईल.

मी त्याला विचारलं, "ओतलंस का?" तो खाली बघतो. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

डिझेलमध्ये रॉकेल. भावजी, या युक्तीला तुमचा वास येतो. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर हिमाचलातल्या केलाँगची ती गोष्ट ऐकून ऐकून माझ्या चकल्या मऊ पडल्या आहेत. एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. त्या सकाळी तुम्ही त्याला फोनवर काय सांगितलंत?

चारुलता


सिन्नर,
१४ जानेवारी

चारुवहिनी,

नमस्कार. आज संक्रांत. शैलाने तिळगूळ घेऊन गोड बोलायला सांगितलं आहे. तिळगूळ खाल्ला. पुढचं जमेल असं वाटत नाही.

विचारलंत म्हणून सांगतो. होय, मीच सांगितलं. लपवायचं काय त्यात? सकाळी त्याचा फोन आला. "बाबा, सेल फिरतोय पण इंजिन पकडत नाही." मी म्हटलं, डिझेल गोठलंय. फिल्टरला गरम पाण्यात बुडवलेलं पोतं गुंडाळ, टाकीत रॉकेल ओत, ऑइल चेंबरखाली शेगडी ठेव आणि अर्ध्या तासाने सेल मार. केलाँगला आम्ही याहून वाईट थंडीत सफरचंदाच्या गाड्या अशाच काढल्या आहेत. तुमच्या चकल्या मऊ पडल्या असतील, आमच्या गाड्या पडल्या नाहीत.

आणि ऐका. तासाभराने त्याचा पुन्हा फोन आला. "बाबा, तुम्ही सांगितलं तसं केलं. सुरू झाली." हे त्याचे शब्द. म्हणजे गाडी सुरू झाली होती. नंतर पंप गेला असेल तर तो त्यांच्या कंपनीच्या देखभालीचा दोष. माझ्या पोराच्या माथी कशाला मारता?

दुसरं. त्याला तिकडे कुणी नेलं? मी नाही. तुम्ही दोन वर्षांपूर्वी इथे येऊन महिनाभर त्याच्या कानाशी लागलात. जर्मनीत ड्रायव्हर कमी आहेत, तिथे ड्रायव्हरला मान आहे, आठवड्याला सुट्टी आहे. देवळाली कॅम्पच्या कॉन्व्हेंटात तुम्हाला इंग्रजी शिकवलं, दुसऱ्याचं घर कसं फोडायचं तेही शिकवलं वाटतं. मी गॅरेजवर "श्यामकांत डिझेल वर्क्स आणि पुत्र" अशी नवी पाटी करून घेतली होती. पेंटरने "पुत्र" वर सोनेरी रंग दिला, आणि त्याच महिन्यात पुत्र विमानात बसला.

मान आहे म्हणालात ना? मग आता तळघरात का बसवलाय? परत पाठवा. इथे त्याला कुणी घरी बसवणार नाही.

गुडघा तसाच आहे. शैला वेगळं लिहील.

श्यामकांत


बॉबलिंगेन,
१९ जानेवारी

भावजी,

मालकाकडे कसला पुरावा आहे, याचा मी आठवडाभर विचार करत होते. शनिवारी उत्तर मिळालं, आणि ते वाचून मला चहाचा कप खाली ठेवावा लागला.

पुरावा तुम्ही आहात.

६ तारखेला दुपारी तुम्ही तुमच्या त्या "नाशिक जिल्हा ट्रक चालक-मालक" ग्रुपवर काय टाकलंत? मी अक्षरशः उतरवून घेते: "जर्मनीत उणे १९. जर्मन इंजिनीअरांनी हात टेकले. माझ्या चिरंजीवाने बापाची युक्ती वापरली, टाकीत रॉकेल ओतलं, एका सेलात गाडी चालू! सिन्नरचं डोकं!" पुढे तीन तिरंगे आणि एक ट्रक.

वेदांतच्या कंपनीत नागेश म्हणून निफाडचा मुलगा आहे, तोही ड्रायव्हर. तो त्या ग्रुपवर आहे. त्याने अभिमानाने, हो, अभिमानानेच, तो मजकूर कॅन्टीनमध्ये सगळ्यांना दाखवला. मोबाइलने त्याचं जर्मन करून दिलं. तो कागदावर छापून आता मालकाच्या फाइलमध्ये आहे. नागेश शनिवारी इथे येऊन रडला. म्हणाला, "काकू, मला वाटलं वेदांतचं कौतुक होईल." त्याला मी शिरा दिला. तुम्हाला दिला नसता.

आता गप्प बसायची वेळ गेली. तुम्ही लिहून द्यायचं आहे की तो मजकूर खोटा आहे, वेदांतने रॉकेल ओतलं नाही. इंग्रजीत लिहा, सही करा, फोटो पाठवा. ड्रायव्हरांच्या युनियनचा एक माणूस वेदांतला मदत करतो आहे. ६ फेब्रुवारीला मालकाबरोबर बैठक आहे. त्याआधी हवं.

आणि फोडलेल्या घराबद्दल. सव्विसाव्या वर्षीही त्या मुलाला गॅरेजमधल्या गिऱ्हाइकांसमोर "गाढवा" अशी हाक मारली जात होती. मी त्याच्या कानाशी लागले नाही. त्याने मला विचारलं, "काकू, तिकडे ड्रायव्हरला नावाने हाक मारतात का?" मी म्हटलं, मारतात. एवढंच.

चारुलता


सिन्नर,
२३ जानेवारी

चारुवहिनी,

खोटं लिहून देणार नाही.

माझ्या मुलाने मला सांगितलं की त्याने ओतलं. तो माझ्याशी खोटं बोलत नाही. तुमच्याशी काय बोलतो ते मला माहीत नाही. आता तुम्ही म्हणता, मी लिहायचं की त्याने ओतलं नाही. म्हणजे एकतर मी खोटारडा, नाहीतर माझा मुलगा खोटारडा. तुमच्या विमा कंपनीत खोट्या सह्या चालत असतील. माझ्या गॅरेजवर चालत नाहीत.

तो मजकूर किती लोकांनी वाचला माहीत आहे का? संगमनेरपासून इगतपुरीपर्यंतचे लोक येऊन हात मिळवून गेले. परवा मालेगावचा एक मालक मुद्दाम गाडी थांबवून चहा प्यायला आला, म्हणाला, "मास्तर, तुमचं नाव जर्मनीत गेलं." त्यांना काय सांगू? वहिनींनी सांगितलं म्हणून ते नाव परत आणलं?

रॉकेल ओतणं हा गुन्हा नाही. तुमचे जर्मन आज गरम सीट शिकले, पण थंडीत डिझेल गोठतं आणि रॉकेलने पातळ होतं हे आमच्या म्हाताऱ्या उस्तादांना तुमच्या त्या पठाराच्या आधीपासून ठाऊक आहे. वेदांतने बैठकीत छातीठोक सांगावं, हो, ओतलं, माझ्या वडिलांनी शिकवलं. पुरुषासारखं. मग काढलं तर काढलं. तिकीट मी पाठवतो.

दत्तादादा आज हयात असता तर तुम्ही मला अशी पत्रं लिहिली नसती.

श्यामकांत


बॉबलिंगेन,
२९ जानेवारी

भावजी,

दत्ता असते तर त्यांनी तुम्हाला याहून वाईट लिहिलं असतं. फक्त अक्षर चांगलं असतं.

आता शांतपणे वाचा. क्लेमची फाइल मी अशीच वाचत असे, आधी गोष्ट आणि मग तारीख. तुमच्या गोष्टीत तारीख चुकली आहे.

६ जानेवारीला या राज्यात तीन राजांचा सण असतो. सरकारी सुट्टी. ट्रक चालतात, पण दुकानं बंद. औषधाचं सोडून काही मिळत नाही. दिव्यात घालायचं रॉकेल इथे हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळतं, ते कुलूपबंद. गावातला पेट्रोल पंप माणसाशिवायचा, कार्ड घालून भरायचा. त्या पठारावर, बर्फात, त्या सकाळी तुमच्या मुलाने रॉकेल कुठून आणलं? शेगडी कुठून आणली? कोळसा? पोतं?

मी हे त्याला विचारलं. आम्ही स्वयंपाकघरात होतो, तो इमारतीचा जिना पुसून आला होता. इथे आठवड्याची पाळी असते, केअरवोखे म्हणतात, आमची पाळी सध्या तोच करतो आणि शेजारची बाई त्याच्यावर खूश आहे. मी म्हटलं, "वेदांत, त्या दिवशी दुकानं बंद होती." तो फडकं पिळत राहिला.

"काकू, सोडा ना."

"सोडते. तू खरं बोल, मी सोडते."

"बाबांनी इतकं मनापासून सांगितलं हो. शेगडी, पोतं, सगळं. मी म्हटलं, बाबा, ही नवीन गाडी आहे, हिला रॉकेल चालत नाही. ते म्हणाले, गाडी ती गाडी. मग परत फोन करून काय सांगणार होतो? की तुमचं काहीच केलं नाही, टोइंगवाल्याची वाट बघतोय? म्हटलं, सुरू झाली. त्यांना बरं वाटलं. मला काय माहीत ते ग्रुपवर टाकतील."

"मग मालकाला का सांगत नाहीस?"

"सांगितलं तर तो बाबांचा मेसेज खोटा ठरतो. नागेश सगळ्यांना सांगेल. सिन्नरपर्यंत जाईल. लोक बाबांना हसतील, काकू."

एवढ्यात आमची नात इरा, जी मराठी समजून घेते आणि जर्मनमध्ये उत्तर देते, खाऊ शोधत आली आणि म्हणाली की वेदांतमामाच्या बरणीतलं लोणचं खराब झालं आहे, बाल्कनीत ठेवलं तर पांढरं झालं.

ते लोणचं नव्हतं. जॅमच्या बरणीत डिझेल होतं. त्या सकाळी तुमच्या मुलाने सेल मारून थकल्यावर फिल्टरखालची वाटी उघडली आणि त्यात जे होतं ते बरणीत घेऊन ठेवलं. मी विचारलं, का? म्हणाला, "बाबांनी लहानपणी शिकवलंय. गाडी बंद पडली की आधी वाटीत काय आहे ते बघायचं, आणि बघितलेलं फेकायचं नाही." तर एवढी एक गोष्ट त्याने तुमची ऐकली होती, आणि तीच दाखवायला तो घाबरत होता, कारण त्या बरणीत रॉकेल नाही.

मग मी काय केलं ते सांगते. प्रसन्नला, म्हणजे माझ्या जावयाला, पंपावर पाठवून आजचं डिझेल दुसऱ्या बरणीत आणवलं. दोन्ही बरण्या बाल्कनीत ठेवल्या, बाहेर उणे आठ. सकाळी पंपावरचं डिझेल पाण्यासारखं हलत होतं. वेदांतचं मात्र डिसेंबरात आपल्या बाथरूममधल्या खोबरेल तेलासारखं पांढरं, चमचा उभा राहील असं. घरात आणलं तर पुन्हा पातळ. हे उन्हाळी डिझेल आहे. इथे नोव्हेंबरपासून पंपांवर हिवाळ्याचं वेगळं डिझेल मिळतं, ते इतक्यात गोठत नाही. पण कंपनीच्या आवारात एक जुनी राखीव टाकी आहे. ती सप्टेंबरात भरलेली, आणि नाताळच्या सुट्टीनंतर मालकाने गाड्या तिच्यातून भरायला लावल्या. गोठलेलं डिझेल, वर सेल मारमारून कोरडा फिरलेला पंप. रॉकेलची गरजच नव्हती.

मंगळवारी मी आणि कौमुदी बरणी घेऊन मालकाकडे गेलो. मी साडी नेसून, वरून तो अवाढव्य कोट. त्याने बरणीकडे पाहिलंही नाही. कौमुदीने विचारलं, ट्रकच्या टाकीतला नमुना कुठे आहे? म्हणाला, टाकी रिकामी करून धुतली. मी तिला म्हटलं, "विचार, एवढ्या घाईने का धुतली?" तो हसला, फाइल उघडली आणि तुमचा तो मजकूर, तिरंग्यांसकट, आमच्यापुढे ठेवला. म्हणाला, "बरणी कुठलीही असू शकते, नाही का? पण हा याचा स्वतःचा बाप आहे."

पुरावा धुणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हात जोडायची वेळ कधी आली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी बरणी उचलून परत फिरले, आणि ते तुमच्यामुळे.

अजून एक गोष्ट, मग मी थांबते. दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या गॅरेजमध्ये आले होते तेव्हा तुमच्या टेबलामागे लाल अक्षरात पाटी होती: "रॉकेल टाकलेली बीएस-सिक्स गाडी येथे घेतली जाणार नाही." माझ्यासमोर तुम्ही एका ड्रायव्हरला त्यावरून शिव्या दिल्या होत्या. म्हणजे नव्या इंजिनाचं रॉकेलने काय होतं ते तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. तरी तुम्ही त्याला ओतायला सांगितलंत. का? पंप जावा, नोकरी जावी आणि सोनेरी "पुत्र" परत यावा म्हणून? तसं असेल तर भावजी, तुम्हाला काय म्हणायचं ते माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीत बसत नाही.

६ तारखेपर्यंत लिहून द्या. एकतर तुमची बढाई खरी आणि मुलगा संपला, नाहीतर मुलगा तुम्हाला बरं वाटावं म्हणून एक वाक्य खोटं बोलला. यातलं काय तुम्हाला जास्त झोंबतं ते ठरवा.

चारुलता


सिन्नर,
२ फेब्रुवारी

चारुवहिनी,

तुमचं पत्र शैलाने मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी तिने मोबाइल माझ्यापुढे ठेवला आणि जेवायला वाढलं नाही.

पाटी आहे. अजून आहे. इथे रॉकेल टाकणाऱ्याला मी आजही शिव्या देतो. नोकरी जावी म्हणून सांगितलं नाही, हे तुम्ही मानणार नाही, नका मानू. त्याचा फोन आला तेव्हा मी गॅरेज उघडत होतो. गेल्या सहा महिन्यांत त्याने मला कामाचं काही विचारलं नव्हतं. त्याची गाडी, तिथले रस्ते, तिथले कागद, मला कशातलं काही कळत नाही. तो सांगतो, मी हं हं करतो. थंडी आणि गोठलेलं डिझेल मात्र मला कळतं. त्याने विचारलं आणि मी सुरूच झालो. गाडी कुठली आहे हे मनात आलंच नाही. त्याने आठवण करून दिली तेव्हा माघार घेता आली नाही.

दुसरं तुम्ही विचारलेलं नाही, पण लिहितो. तुमच्या डोक्यात ते कधी ना कधी आलंच असतं.

त्याचा दुसरा फोन आला, "बाबा, सुरू झाली." वहिनी, उणे एकोणीसमध्ये सुरू झालेलं डिझेल इंजिन गप्प बसत नाही. खडखडतं, धूर ओकतं, केबिन हलते, शेजारी उभ्या माणसाला ओरडून बोलावं लागतं. तो हळू आवाजात बोलत होता. त्याच्या मागे आवाज नव्हता. वारा होता, आणि त्याचे दात वाजत होते ते ऐकू येत होतं. मी डोळे मिटून इंजिन ओळखणारा माणूस. मला तेव्हाच कळलं.

मी म्हटलं, "शाब्बास." फोन ठेवला. आणि तरी ग्रुपवर टाकलं. का टाकलं ते मला विचारू नका. गॅरेजवर चार जण उभे होते, त्यांनी विचारलं, पोराची गाडी निघाली का?

सोबत लिहून दिलं आहे. इंग्रजी इथल्या शाळेतल्या सरांकडून तपासून घेतलं आहे, तरी तुम्ही त्यात चुका काढालच. त्यात असं आहे की तो मजकूर खोटा आहे, मी बढाईसाठी लिहिला, माझ्या मुलाने टाकीत काहीही ओतलं नाही, त्याने मला तसं करणं चूक आहे हे फोनवर सांगितलं होतं, आणि बरणीतलं डिझेल काढायची सवय त्याला मी लावलेली आहे. खाली सही आणि गॅरेजचा शिक्का. हेच मराठीत आज सकाळी त्या ग्रुपवर टाकलं आहे. शंभर जणांनी हसण्याची चित्रं पाठवली. मालेगाववाल्याने काहीच पाठवलं नाही.

त्याला सांगा, हसले ते हसले. त्यात त्याने पडायचं कारण नाही.

तुमच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. घर तुम्हीच फोडलंत.

श्यामकांत


बॉबलिंगेन,
८ फेब्रुवारी

भावजी,

तुमच्या इंग्रजीत सात चुका होत्या. एकही सुधारली नाही. कौमुदीने जर्मन भाषांतर करून खाली जोडलं, शिक्का मात्र तुमचाच राहू दिला. त्या शिक्क्यावर हनुमान का आहे, असं युनियनच्या माणसाने विचारलं. मी म्हटलं, तो साक्षीदार आहे.

बैठक शुक्रवारी झाली. मालकाने तुमचा पहिला कागद काढला, आम्ही दुसरा ठेवला, आणि शेजारी ती बरणी, पहाटेपासून कोटाच्या खिशात बर्फ घालून थंड ठेवलेली, पांढरीशुभ्र. युनियनच्या माणसाने आवारातली राखीव टाकी आत्ता उघडून दाखवा असं म्हटल्यावर मालक अचानक फार समजूतदार झाला. "जाणूनबुजून" हा शब्द गेला. स्वच्छ प्रशस्तिपत्र मिळालं. वेदांतने तिथे परत काम करायचं नाही असं सांगितलं, आणि ते त्याने स्वतः, जर्मनमध्ये, मान वर करून सांगितलं. पंप कुणी मारला हे मालकाच्या तोंडून आलं नाही. येणारही नव्हतं. मला ते अजून टोचतं आहे आणि मी त्याच्या विमा कंपनीला एक पत्र लिहिणार आहे. ते तुमच्या पत्रांपेक्षा कडू असेल.

झिंडेलफिंगेनच्या बाहेर दुसऱ्या एका कंपनीने त्याला घेतलं आहे. पुढच्या सोमवारपासून.

तुमचं पत्र मी त्याला वाचायला दिलं. द्यायचं की नाही याचा विचार केला, आणि दिलं. ते घेऊन तो तळघरात गेला. मग वर येऊन त्याने विचारलं, "काकू, बाबांना तेव्हाच कळलं होतं?" मी म्हटलं, हो. "आणि तरी शाब्बास म्हणाले?" मी म्हटलं, "तुझा बाप विचित्र माणूस आहे, हे मी लग्न होऊन त्या घरात आल्यापासून सांगते आहे."

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुमच्या एका मजकुराने हा मुलगा महिनाभर तळघरात मान खाली घालून बसला होता, आणि कळूनही तुम्ही तो टाकलात. तुमचा नंबर बंदच आहे. घर कुणी फोडलं याचं उत्तर त्या सोनेरी पाटीच्या मागे शोधा.

फक्त एक निरोप आहे, त्याचा, माझा नाही. त्याच सोमवारी सकाळी, तुमच्याकडे साडेदहाच्या सुमाराला, शैलाच्या मोबाइलवर फोन येईल. इथे कडाक्याची थंडी सांगितली आहे. तो काही बोलणार नाही, सेल मारेल आणि फोन खिडकीबाहेर धरेल. तेव्हा गॅरेजमधली सगळी यंत्रं बंद करा, त्या चार जणांनाही बाहेर काढा, आणि आयुष्यात एकदा तोंड मिटून ऐका.

चारुलता